रिकाम्या खोक्यांची गाडी

१३ एप्रिल

फोमच्या गाद्या! आज माझं पार हसं झालं.

सकाळी गादीवाल्याचा फोन आला. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "वजन किती?" तो गोड आवाजात म्हणाला, "अहो, कसलं वजन, हलक्याफुलक्या आहेत." मी वजनावर भाडं ठरवून मोकळी! दुपारी बघते तर गाद्या केबिनच्या वर गेलेल्या, दोर पुरेना, ताडपत्री पुरेना, दुसऱ्या कुणाचा माल ठेवायला बोटभर जागा नाही. आणि वजनकाट्यावर गाडी जवळजवळ रिकामी. म्हणजे अख्खी गाडी पाठवली आणि भाडं घेतलं चार पोत्यांचं.

पैलवानाने डोक्याला हात लावला. पैलवान म्हणजे आमचा जुना ड्रायव्हर — अंगावर मांस नाही म्हणून पैलवान. म्हणाला, "ताई, वजन लोखंडाला विचारायचं. गादीला लांबी-रुंदी विचारायची. गाडी दोन तऱ्हांनी भरते." हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

बाबांना सांगावंच लागलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, म्हणून तर ट्रकचा धंदा आणि फोन माझ्याकडे आला, पण हसणं कुठे गेलंय! खांदे गदागदा हलत होते. डोळे पुसून झाल्यावर पाटी ओढली आणि खडूने लिहिलं — "मीपण. कापूस. पहिल्याच महिन्यात." तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

दादाला मात्र सांगितलेलं नाही. त्याचं ठरलंय — जूनपर्यंत बघायचं, मला जमलं नाही तर दोन्ही गाड्या विकायच्या, ऑफिसची जागा सोडायची, आणि मी परत चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. गाड्यांच्या पैशांत त्याला नवीन घर घ्यायचंय. वहिनीला सातवा लागेल आता, दोन खोल्यांत कसं होणार, हेही खरंच. पण गाड्या विकल्या तर बाबा दिवसभर कुठे बघत बसतील? भिंतीकडे?

१५ एप्रिल

फोन वाजला नाही. एकदा वाजला, तो राँग नंबर.

१९ एप्रिल

आज बाबांवर चिडले. म्हटलं, "लोकांना गाड्या नकोच आहेत आपल्या, तर मी काय करू?" त्यांनी शांतपणे पाटीवर लिहिलं — "गाडी कुणालाच नको असते. कधीच."

झालं! आजारी माणूस, काय बोलणार! मी पाय आपटत बाहेर गेले. मागून पाटीवर खडू वाजला म्हणून परत वळले. खाली लिहिलं होतं — "कुणाला काय हवंय ते बघ."

घरी चालत येताना कोपऱ्यावरची नवी इमारत दिसली. रोज दिसते. आज थांबून बघितली. भिंती उभ्या झाल्यात, गिलावा चाललाय. म्हणजे विटांचं काम संपलं. आता काय लागणार? फरशी! मग दारं, नळ, संडासाची भांडी. मग माणसं राहायला येणार, त्यांना कपाटं, पलंग, गाद्या (हात जोडले!). मी तिथेच उभी राहून बोटांवर मोजायला लागले. गवंडी माझ्याकडे बघायला लागला, बाईचं काहीतरी हरवलंय म्हणून.

२१ एप्रिल

फरशीवाल्याला मीच फोन केला. म्हटलं, कोपऱ्यावरच्या इमारतीची फरशी कुठून आणताय? तो चपापला. मग म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं? ऑर्डर तर काल रात्री दिली."

भाडं मिळालं!! बाबांसमोर नाचले. खरंच नाचले, ऑफिसात, दार उघडं असताना.

२७ एप्रिल

काय ऊन पडलंय. आणि फोन थांबेचना. पंखे, पंखे, पंखे. पाण्याच्या टाक्या. थंड पेयांच्या बाटल्या. पलीकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडेही गाडी शिल्लक नाही, तो माझ्याकडे मागतोय — माझ्याकडे!

मी आपली विचार करत बसले. कुणीतरी एक बाई अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर झाली, सकाळी नवऱ्याला म्हणाली, पंखा आणा बाई एक. एवढंच. आणि लांबच्या कारखान्यात खोकी चढायला लागली, पैलवानाने आंघोळ न करता गाडी काढली. तिला पैलवान माहीत नाही, पैलवानाला ती माहीत नाही. कुणी कुणाला हुकूम दिलेला नाही.

बाबांनी गेल्या आठवड्यातच लिहिलं होतं, "एक गाडी पंख्यांच्या गावात ठेव." मी ऐकलं नव्हतं. तेव्हा हवा चांगली होती ना! पुढच्या वेळी मुकाट्याने ऐकायचं.

२ मे

आज मोरीत वहिनीच्या शिव्या खाल्ल्या.

आंघोळीला गेले आणि बादलीकडे बघत बसले. ही बादली कुठून आली? तिचं प्लास्टिक कुठून? आरसा? नळाची तोटी? भिंतीवरचा रंग? एकही वस्तू इथे उगवलेली नाही. सगळं कुठून तरी कुणीतरी चढवलं, दोर आवळले, ताडपत्री टाकली, वाटेत चहा प्यायला, उतरवलं. आपण घर म्हणतो, पण हे सगळं येऊन थांबलेलं सामान आहे. साबणसुद्धा... साबण तेवढा आपला. दादा नोकरी करतो त्या इथल्याच कारखान्यातला. गावात शिरताना आधी त्याचा वास येतो आणि मग घरं दिसतात.

वहिनी दार वाजवायला लागली — "वन्सं, आत काय संसार मांडलात का? मला उभं राहवत नाही!" मी बाहेर येऊन तिला बादलीचं सांगितलं. ती म्हणाली, "आधी खोबरेल लावा डोक्याला, उन्हाचं चढलंय."

७ मे

आता परतीच्या गाडीचं.

जाणारी गाडी भरलेली, येणारी रिकामी — यातच आमचं बरंवाईट ठरतं. डिझेल दोन्हीकडे सारखंच जळतं. दुसरी गाडी दर सोमवारी खोकीवाल्याकडून रिकामी पुठ्ठ्याची खोकी आणते, साबणाच्या कारखान्यासाठी. ते भाडं खोकीवाला ठरवतो, कारखान्याचा आणि आमचा थेट संबंध नाही. (दादाने तर तिथे कधी सांगितलेलंही नाही की गाड्या आपल्या. पॅकिंगचा सुपरवायझर, त्याचा बाप ट्रकवाला — हे त्याला जड जातं. बाबांना हे माहीत आहे. बोलत नाहीत. आधीही बोलत नव्हते.)

पण ही गाडी खोकी आणायला जाते ती मात्र रिकामी. मी आपली डोकं खाजवत होते, इथून तिकडे न्यायचं काय? आज भंगारवाल्याच्या दारात रद्दीचा डोंगर बघितला. विचारलं, "ही जाते कुठे?" तो म्हणाला, "पुठ्ठा बनवतात तिथे." कुठे बनवतात? खोकीवाल्याच्या शेजारी!!

म्हणजे साबण ज्या खोक्यातून आला, ते खोकं दुकानदाराने रद्दीत टाकलं, ती रद्दी आपल्या गाडीतून जाणार, तिचा पुठ्ठा होणार, त्याचं खोकं होणार, आणि तेच खोकं आपल्याच गाडीतून परत दादाच्या हाताखाली येणार. मी भंगारवाल्याच्या पायरीवर बसलेच. तो म्हणाला, "पाणी देऊ का?" आज सगळ्यांना मी आजारीच वाटतेय.

रात्री दादाला सांगितलं. पहिल्यांदाच त्याने नीट ऐकलं. "बरं चाललंय की तुझं," म्हणाला. मग लगेच — "पण घराचं ते घराचं."

११ मे

सोमवार. खोकीवाल्याचा फोन — "या आठवड्यात गाडी नको. कारखान्याने खोकी मागवली नाहीत."

मी म्हटलं ठीक, आणि बाबांना सहज सांगितलं. बाबा उठून बसले. पाटीवर लिहिलं — "खोकं आधी. साबण नंतर."

नीट कळलं नाही म्हणून विचारत बसले. त्यांनी तीनदा पाटी पुसून समजावलं. साबण कमी होणार असेल तर दुकानात कळायला महिने लागतात. कामगारांना त्याआधी कळतं. पण सगळ्यांच्या आधी कळतं खोकीवाल्याला. कारण उद्याच्या साबणाला खोकं आज लागतं.

१८ मे

आज गाडी आली ती अर्धीच भरलेली. पैलवान म्हणाला, "एवढीच दिली." बाबांनी दाराशी खुर्ची टाकून घेतली आणि ती गाडी उतरेपर्यंत बघत बसले.

मला झोप लागेल असं वाटत नाही.

२० मे

जेवताना सांगून टाकलं. "दादा, तुमचा कारखाना खोकी कमी मागवतोय. काहीतरी आहे."

दादा खो-खो हसला. "खोक्यांवरून भविष्य! उद्यापासून लोकांचे हात बघ. गाडीभाड्यापेक्षा बरं मिळेल." वहिनी हसली नाही. तिने पोटावर हात ठेवला आणि दादाकडे बघितलं. मला इतकं वाईट वाटलं! कशाला बोलले तिच्यासमोर?

२२ मे

मी मूर्ख आहे. शंभर टक्के.

दादाने त्याच्या साहेबांना सरळ विचारलं. साहेब म्हणाले, पुठ्ठा बंद करतोय, आता प्लास्टिकचे क्रेट येणार. धुवायचे, पुन्हा वापरायचे. म्हणून खोकी कमी! एवढं साधं! दादाने वहिनीला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मला ऐकू जाईल असं सांगितलं. मी कान धरले. खरंच धरले, सगळे हसले, बाबा सोडून.

सुटले बाई! आणि मग डोक्यात आलं — क्रेट फेकून देत नाहीत. म्हणजे साबण देऊन झाला की रिकामा क्रेट परत आणावा लागणार. म्हणजे परतीची गाडी भरलेली! एक खोकं बदललं तर रस्त्यावरच्या गाड्यांचं सगळं गणितच फिरतं. मी उत्साहाने सांगायला गेले तर दादा म्हणाला, "ते आता गाड्या घेणारा बघेल. मला गिऱ्हाईक मिळालंय. सहा जूनला, शनिवारी येतो."

जून ठरलाच होता. बाबांनी मान हलवली. पाटीवर लिहिलं, "बाळाला जागा हवी." हवीच ना. कुणाला काय हवंय ते बघ, हे त्यांनीच तर शिकवलं. मोरीत जाऊन रडले. बादलीकडे बघितलं नाही.

२८ मे

बंदराकडे जाणारा नवा रुंद रस्ता खुला झाला. पैलवान सकाळी गेला आणि संध्याकाळचा चहा प्यायला परत! "ताई, गाडी पळते का तरंगते तेच कळेना." पूर्वी मुक्काम पडायचा. एका रस्त्याने बंदर शेजारच्या गल्लीत आणून ठेवलं! आजच मासळीवाल्याचा फोन, बर्फवाल्याचा फोन, ज्यांनी आजवर कधी तिकडून काही मागवलं नव्हतं ते विचारतायत. काल कुणाला ताजी मासळी हवी नव्हती आणि आज हवी आहे असं थोडंच आहे? हवीच होती, पण पोचत नव्हती, म्हणून कुणी मागत नव्हतं. केवढी माणसं, केवढं काय काय मनात दाबून बसलेली असतील!

बाबांना म्हटलं, रस्त्याने कामच पैदा केलं. त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "आणतो. नेतोसुद्धा." मी म्हटलं, आज तरी चांगलं बोला.

१ जून

खोकी नाहीत. क्रेटही नाहीत अजून. गाडी धुऊन घेतली, शनिवारसाठी. पैलवान आपल्या हाताने पुसत होता. त्याच्याकडे बघवेना.

३ जून

दुपारी फोन. क्रेट बनवणारा. खोकीवाल्याने आमचा नंबर दिला म्हणाला. साबणाच्या कारखान्याचे क्रेट पोचवायचेत, गाडी आहे का? मी हरखलेच. आले म्हणजे क्रेट! साहेब खरं बोलत होते! पेन घेतलं, माल लिहिला, चढवायचं ठिकाण लिहिलं. "उतरवायचं कुठे, कारखान्यातच ना?"

तो म्हणाला, "हो, बंदराजवळ. नव्या रस्त्याच्या टोकाला."

"अहो, कारखाना इथे आहे. आमच्या गावात."

"बाई, माझ्याकडे पत्ता हाच आहे. गेल्या आठवड्यात पण गाडी तिथेच गेली. नवीन शेड आहे, मोठी."

मी फोन ठेवला की त्यानेच ठेवला, आठवत नाही. बाबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग पाटीवर एकच शब्द — "तेल."

साबणाचं तेल बोटीने येतं, बंदरात उतरतं. आजवर टँकरने इथे आणायचे, इथे साबण करायचे, आणि त्यातला अर्धाअधिक साबण पुन्हा तिकडच्याच मोठ्या शहरांना जायचा. तेल इकडे, साबण तिकडे, उगीच दोन हेलपाटे. तिथे जागा नव्हती, रस्ता धड नव्हता, म्हणून चाललं इतकी वर्षं. आता रस्ता झाला. तेल उतरेल तिथेच साबण होणार. आपल्या गावाला लागेल तेवढा साबण गाडीने येईल, बाहेरून, बादलीसारखा.

खरं लिहू का? इथे कोण वाचतंय. पहिली भीती नाही वाटली. पहिल्यांदा वाटलं — बाप रे, केवढं मोठं आहे हे! कुणीतरी कुठेतरी दोन हेलपाटे वाचवले आणि एक अख्खा कारखाना, वासासकट, गावातून उचलला जातोय, आणि त्याचा पहिला पत्ता लागला तो रिकाम्या खोक्यांवरून. बाबांना. या खुर्चीत बसून. एका मिनिटाने दादा आठवला, वहिनी आठवली, आणि स्वतःची लाज वाटली.

४ जून

दादाला सांगितलं. गच्चीवर नेऊन, वहिनीला कळू न देता.

एवढा चिडलेला त्याला मी कधी बघितला नव्हता. "तुला गाड्या विकू द्यायच्या नाहीत, म्हणून हे चाललंय! आधी खोकी, आता क्रेट!" मी पत्ता सांगितला. "नवीन शेड काय, गोडाऊन असेल!" मी तेलाचं सांगितलं. मग त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "अगं, साहेब मला पावलांवरून ओळखतात. केबिनच्या बाहेरून नुसता खोकलो तरी नावाने हाक मारतात. असं काही असतं तर आधी मला नसतं सांगितलं?"

त्याच्या शर्टाला साबणाचा तोच वास येत होता, लहानपणापासून ओळखीचा. असू दे, मीच चुकलेली असू दे. एकदा चुकले तशी पुन्हा चुकू दे. गाड्या गेल्या तर गेल्या.

५ जून

बाबा जेवले नाहीत. पैलवान उगीच दोनदा येऊन गेला.

६ जून

गाड्या घेणारा माणूस आला. मी त्याला ऑफिसच्या अंगणात टायर दाखवत होते. चावी त्याच्या हातात होती. दादा आत कागदांपाशी, बाबा शेजारी. फोन वाजला तो दादानेच उचलला, मी खिडकीतून बघत होते. बाबांना ऐकता यावं म्हणून ऑफिसचा फोन स्पीकरवरच असतो, त्यामुळे बाहेरही सगळं ऐकू येत होतं.

"मशिनरी आहे. पॅकिंगची अख्खी लाइन उचलायची, बंदराजवळ न्यायची. तुमच्या गाड्या, आणि अजून मिळतील तेवढ्या. खोकीवाल्याने नंबर दिला. गवगवा नको." दादाच्या साहेबांचा आवाज. दादा म्हणाला, "हो साहेब." पुन्हा म्हणाला, "हो साहेब." साहेबांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

दादा बाबांकडे बघत होता. म्हणाला, "ट्रान्सपोर्टमधून बोलतोय."

फोन ठेवला. बाहेर आला. त्या माणसाच्या हातातून चावी काढून घेतली आणि म्हणाला, "माफ करा. गाड्यांना काम आहे."